वारा बदलला की

माझी सायकल उंच दांडीची आहे. तिच्यावर बसायचं तर उजवा पाय मागून वर नेऊन पलीकडे टाकावा लागतो, आणि माझे गुडघे आता तेवढं ऐकत नाहीत. म्हणून मी बायकोची सायकल बाहेर काढली. ती गेल्यापासून सायकल जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. दोन्ही चाकांत हवा नव्हती. तशीच ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली.

पंक्चरवाल्याचं दुकान गावाच्या अगदी कडेला आहे. दुकान संपतं तिथे बांधाची वाट सुरू होते. तो माझ्याच वयाचा. मी फरशी बसवायचं काम करायचो, त्यामुळे सगळं गाव मला मिस्त्री म्हणतं. तोही तेच म्हणतो.

"काय मिस्त्री, लेडीज सायकल? या वयात?"

"दांडी ओलांडता येत नाही."

"असं होय. मला वाटलं, आता कानात डूल कधी घालताय ते विचारावं."

हसता हसता त्याची नजर सीटवर गेली आणि तो पंप आणायला वळला. सीटवर हिने शिवलेलं कव्हर होतं, निळ्या कापडावर पिवळी लिंबं. ही घरी बसून लोकांचे पडदे शिवून द्यायची. कुणा गिऱ्हाइकाच्या पडद्यांतून हे कापड उरलं होतं. त्यातून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला एक पडदा झाला आणि उरलेल्याचं हे कव्हर. मला ते कापड कधीच आवडलं नाही. स्वयंपाकघरात बसलं की फळवाल्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, मग लिंबं मोजत बसा, तेवढाच तुमच्या तोंडाला आराम.

"निघालात कुठे?" पंक्चरवाल्याने पंप लावत विचारलं.

"खालच्या टोकाला."

त्याचा हात थांबला. "खालच्या? वारा बघितलात का?"

"बघितला."

"पाठीवर येतोय तो. जाल मजेत. येताना काय करणार? तुमचे ते गुडघे, आणि तिथून तुम्हाला आणायला गाडीसुद्धा येत नाही."

"हवा भर तू."

त्याने हवा भरली. चेनला तेल सोडलं, ब्रेक दाबून बघितले. पैसे घेतले नाहीत. "परत आलात की द्या," म्हणाला. "म्हणजे परत तरी याल."

आमच्या गावापासून समुद्रापर्यंत सगळी दलदल आहे. चिखल, खारं गवत, मधून वळत गेलेले पाण्याचे ओहोळ. हात उंच करून उभं राहिलं तर त्या सगळ्या भागात आपणच सगळ्यांत उंच, इतकी जागा सपाट. समुद्राचं पाणी गावात शिरू नये म्हणून फार पूर्वी कुणीतरी किनाऱ्याला धरून मातीचा लांब बांध घातला. त्याच्या माथ्यावर सायकल जाईल एवढी वाट आहे. वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवलेत. त्यांच्या मधून माणूस जातो, सायकल जाते, मोटार जात नाही. खांब ओलांडले की हॉर्न नाही, धूर नाही, मागून येणाऱ्याची भीती नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिथे जायचो. दुसरी कसली हौसमौज आम्ही केली नाही. तेवढी मात्र केली.

खांबांपासून डावीकडे गेलं की वरचं टोक आणि उजवीकडे गेलं की खालचं टोक. वर आणि खाली हे आपलं म्हणायचं. चढउतार कुठेच नाही. तिथे चढ असतो तो वाऱ्याचा. आणि वारा जवळजवळ सगळं वर्ष वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे वाहतो.

आता फरशीचं काम करणाऱ्या माणसाची एक सवय सांगतो. आम्ही खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो आणि दाराकडे सरकत येतो. उलटं केलं तर ओल्या फरशीच्या पलीकडे कोपऱ्यात अडकून पडाल. म्हणजे लांबचं आणि अवघड आधी, आणि मग सरकत सरकत दाराशी, मोकळ्या हवेत. आयुष्यभर हेच केल्यामुळे सायकलीलाही मी हाच नियम लावला. जाताना वारा तोंडावर घ्यायचा, दमायचं ते तेव्हाच दमायचं, येताना तो पाठीवर घेऊन आरामात यायचं. या नियमाने आम्ही दर वेळी डावीकडेच वळायचो. वरच्या टोकाला पाण्याचं मोठं लोखंडी दार आहे, भरतीला बंद करायचं, ओहोटीला उघडायचं. तिथे सिमेंटचा एक बाक आहे. बाकावर बसून घरून नेलेलं काहीतरी खायचं आणि परत फिरायचं.

हिला खालचं टोक बघायचं होतं.

"तिकडे चहाची टपरी आहे म्हणे," ती म्हणायची. "आणि बांध संपतो तिथे एकदम समुद्र आहे. नुसता चिखल नाही, खरा समुद्र."

"जाऊ की. वारा बदलला की जाऊ."

"आणि बदललाच नाही तर?"

"बदलतो. थंडी संपताना चार दिवस बदलतो."

हे खरं आहे. थंडी संपताना थोडे दिवस वारा उलटा वाहतो. पण त्या दिवसांत कधी माझं काम असायचं, कधी हिच्याकडे कुणाच्या लग्नाचे पडदे असायचे, कधी पाऊस यायचा. एकदा तर अशा दिवशी ती थेट माझ्या कामावर आली. मी एका नव्या घरात न्हाणीघराची फरशी बसवत होतो. ती दारात उभी राहिली. डोक्याला रुमाल, हातात सायकलची किल्ली.

"अहो, वारा बदललाय."

मी गुडघ्यांवर होतो. पाटीत माल कालवलेला होता. सिमेंट कुणासाठी थांबत नाही, ते तिलाही माहीत होतं.

"माल कालवलाय गं. उद्या बघू."

ती थोडा वेळ फरशीकडे बघत राहिली. "छान बसलीय," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी वारा पुन्हा नेहमीसारखा होता.

पुढे मी कामं कमी केली, पण बंद केली नाहीत. गुडघे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, चालण्यापेक्षा सायकल बरी, पण जोर लावू नका. त्यामुळे वाऱ्याचा नियम अजूनच घट्ट झाला. गेल्या थंडीत हिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. घरी आणली ती नुसती शेवटचं न्यायच्या तयारीसाठी.

या महिन्याच्या सुरुवातीला लोखंडी खांबांपाशी एक पाटी लागली. खालच्या बाजूचा बांध आता दुरुस्त करायचा नाही असं ठरलंय. समुद्र दर वर्षी तो खातो, दर वर्षी माती टाकावी लागते. त्यापेक्षा बांध फोडून पाणी आत येऊ द्यायचं. महिना संपला की उजवीकडची वाट कायमची बंद.

मी पाटी वाचली आणि घरी जाऊन मुलीला फोन केला. ती लांब, दुसऱ्या शहरात असते.

"बाबा, एकटे जाऊ नका हं," ती म्हणाली. "मी आले की आपण दोघं जाऊ."

"कधी येणार तू?"

"पुढच्या महिन्यात. सुट्टी टाकलीय."

"पुढच्या महिन्यात तिथे पाणी असेल."

मग म्हणाली, "आईला जायचं होतं ना तिकडे?"

"हो."

"मग तुम्ही आधी..." आणि पुढचं बोलली नाही. मुलगी माझी समजूतदार आहे. "टोपी घाला," एवढंच म्हणाली. "आणि फोन खिशात ठेवा, कपाटात नको."

म्हणून मी त्या सकाळी खांबांमधून आत शिरलो आणि जन्मात पहिल्यांदा उजवीकडे वळलो.

पाठीवर वारा घेऊन निघायचं म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं. पाठीवर वारा असायचा तो परतीला, अंगात थकवा आणि डोक्यात घरची कामं असताना. इथे ताज्या अंगाने निघालो आणि वाऱ्याने उचलून नेलं. पायडल नुसतं फिरवायचं. कानात वाऱ्याचा आवाज नाही, कारण आपण त्याच्याच वेगाने जात असतो. सगळं ऐकू येत होतं. चिखलातून बुडबुडे फुटताना बारीक टचटच होते, तीसुद्धा. ओहोटी होती. ओहोळ रिकामे झाले होते आणि त्यांच्या काठावर लहान खेकडे बाहेर येऊन बसले होते. मी जवळ गेलो की सगळे एकदम बिळात. लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसत होते. त्यांची नावं हिला माहीत होती. मी कधी विचारली नाहीत. वरच्या टोकाला जाताना मी पुढे असायचो, मान खाली घालून, वाऱ्याशी झटत. ती मागून काहीतरी दाखवायची, घंटी वाजवायची. मी हात हलवायचो. बघितलं असं दाखवायला. वाऱ्यात तिचं निम्मं बोलणं ऐकू यायचं नाही.

बांधाच्या उजव्या अंगाला, गावाच्या बाजूने, खाली एक चर होता आणि चराच्या कडेने पाणकणसांचं दाट बन. माणसापेक्षा उंच. त्यांची तपकिरी कणसं पिकून फुटली होती आणि कापसासारखा भुसा उडत होता. तो भुसा मी आधी पाहिला होता. कुठे, ते लगेच आठवलं नाही.

बांध एका वळणावर समुद्राकडे झुकला आणि टपरी दिसली. लाकडी खोपटं, पत्र्याचं छप्पर, पुढे दोन बाकडी. त्याच्या पलीकडे बांध संपत होता आणि खरोखरच समुद्र होता. लाटा होत्या. मी उतरलो, सायकल बाकड्याला टेकवली आणि खिडकीकडे बघितलं.

खिडकीला निळा पडदा होता, पिवळ्या लिंबांचा.

आधी मला वाटलं, बाजारात कुणालाही मिळेल असं कापड. मग मी जवळ गेलो. पडद्याची खालची पट्टी दुहेरी दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेली होती आणि कोपऱ्यात वजन म्हणून एक नट आत घालून शिवला होता. वारा लागणाऱ्या घरांना ही असेच पडदे द्यायची. ते नट ती माझ्या हत्यारांच्या पेटीतून घ्यायची आणि मी भांडायचो.

आतून एक जाडशी बाई बाहेर आली. टॉवेलने हात पुसत तिने आधी सायकल बघितली, मग मला.

"अगं बाई! तुम्ही म्हणजे वारा बदलला की!"

"काय?"

"तुमचं नाव तेच आहे इथे. मी आणि ते खेकडेवाले, आम्ही सगळे तेच म्हणतो. 'वारा बदलला की' कधी येणार, वारा बदलला की कधी येणार." ती मनापासून हसत होती. "आलात म्हणायचे शेवटी! बसा, बसा. आणि लिंबूताई कुठायत? मागे राहिल्या? त्या ओहोळावरच्या मोरीपाशी उतरल्या असणार पक्षी बघायला. नेहमीचंच आहे त्यांचं."

मला 'हो' म्हणायचं नव्हतं. पण तिने ते इतक्या सहज विचारलं, आणि क्षणभर खरंच असं वाटलं की ही मागे मोरीपाशी उतरली आहे, एक पाय जमिनीवर टेकवून उभी आहे.

"हो," मी म्हणालो. "येतेय."

"मग त्यांचा बिनसाखरेचा ठेवते." ती आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. आतूनच बोलत राहिली. "बऱ्याच दिवसांत नाही आल्या. म्हटलं रागावल्या की काय. मीच म्हणाले होते ना, एवढा नवरा आणायला जमत नाही तुम्हाला. चेष्टेत हो! मनावर घेतलं नसेल ना?"

"नाही."

चहा गाळून ती बाहेर आली. बाकड्यावर ग्लास ठेवले आणि डोळ्यांवर हात धरून बांधाकडे बघत उभी राहिली. आमच्या इथली जागा सपाट आहे हे मी सांगितलंच. त्या टोकापासून पार गावाच्या छपरांपर्यंत सगळा बांध दिसतो. मोरी दिसते. तिथवर कुणी नव्हतं. सपाट जागेवर खोटं फार वेळ टिकत नाही.

ती वळली. माझ्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं, आणि ती सायकल मी चालवत आलो आहे हे तिच्या आत्ता नीट लक्षात आलं.

"कधी?" तिने विचारलं.

"गेल्या थंडीत."

ती बाकड्यावर माझ्या शेजारी बसली. टॉवेलचा बोळा करून मांडीवर धरला. समोर लाटा येत होत्या आणि जात होत्या.

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो. "ती इथे आली होती हेसुद्धा. कधीपासून यायची?"

"झाली बरीच वर्षं. पहिल्यांदा आल्या तेव्हा वारा उलटा होता, म्हणून लक्षात राहिलं. लालबुंद तोंड, डोक्याला रुमाल. म्हणाल्या, पाणी द्या आधी. मी म्हटलं, एकट्याच? तर म्हणाल्या, यांचा माल कालवलाय."

मी ग्लास खाली ठेवला. त्या दिवशी मी पाचच्या पुढे घरी गेलो होतो. ती शिलाई मशीनवर बसली होती. गाल लाल होते. मी विचारलं होतं, ताप आहे का. ती म्हणाली होती, नाही, ऊन लागलंय.

"मग यायला लागल्या अधूनमधून," चहावाली सांगत होती. "तुम्ही कामावर असलात की. वारा कसाही असो. हा पडदा त्यांनीच दिला. म्हणाल्या, घरी यांना आवडत नाही, इथे तरी कुणी कौतुक करेल."

"पण मला तर दर सुट्टीला म्हणायची, खालच्या टोकाला जाऊ या. अगदी शेवटपर्यंत. बघून आली होती, मग कशाला म्हणायची?"

"तेच मी विचारलं एकदा. म्हटलं, सांगून का टाकत नाही, मी जाऊन आले म्हणून? तर म्हणाल्या, सांगितलं तर ते म्हणतील, बघून आलीस ना, मग झालं. मग ते कधीच येणार नाहीत."

मी अगदी तेच म्हणालो असतो. तोच शब्द, तसाच. 'मग झालं.' आणि डावीकडे वळलो असतो.

मला वाटत होतं, मी आज तिच्या वतीने हे टोक बघायला आलोय. तिचं राहून गेलेलं पुरं करायला. तिचं काही राहिलं नव्हतं. तिला समुद्र माहीत होता, बाई माहीत होती, खेकडेवाले माहीत होते. या बाकड्यावर बसून तिने किती चहा प्यायला असेल. राहिली होती ती फक्त तिच्या शेजारची जागा. आणि मी आलो तो तिच्याच जागेवर बसून.

बिनसाखरेचा चहा तसाच होता. चहावालीने तो उचलला नाही, मीही उचलला नाही. त्यावर साय धरली.

"तुमचं काय आता?" मी विचारलं. "पाणी येणार इथे."

"बहिणीकडे जाणार. तिचं खानावळीचं आहे, भांडी कायम पडलेली असतात. इथे बसून समुद्र बघायची सवय लागली, आता भिंत बघायची." तिने खिडकीकडे हात केला. "तो पडदा घेऊन जा तुम्ही. टपरी तर मोडणारच आहेत."

मी उठून पडद्याला हात लावला. खालचा नट बोटांत धरला. माझ्याच पेटीतला.

"तुम्ही न्या बहिणीकडे," मी म्हणालो. "भिंतीवर लावा. तिथे खिडकी नसली तरी."

"भिंतीवर पडदा? लोक हसतील मला."

"हसू देत. विचारलं तर सांगा, मागे समुद्र आहे."

तिला हसू आलं आणि लगेच तिने टॉवेल डोळ्यांना लावला. मी निघायला उठलो. बांधावर येऊन तोंड गावाकडे केलं आणि वारा छातीवर आपटला. सकाळपेक्षा वाढला होता. पहिल्याच पायडलला उजव्या गुडघ्यातून कळ गेली. थोडा पुढे गेलो, उतरलो. पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. गावाची छपरं होती तिथेच होती.

"अहो!" मागून हाक आली. चहावाली टपरीच्या दारात उभी राहून हात हलवत होती. "अहो, वरून कुठे निघालात? खालून जा!"

"खालून कुठून?"

"चराच्या कडेने! पाणकणसांच्या आतून! लिंबूताई तिथूनच जायच्या!"

तेव्हा मला ते आठवलं, भुसा कुठे पाहिला होता ते. हिच्या सायकलच्या मडगार्डखाली. मधूनमधून तिच्या सायकलला राखाडी चिखल लागलेला असायचा आणि त्यात असा पांढरा भुसा चिकटलेला. सायकली धुवायचं काम माझं.

"कुठे नेतेस ही सायकल?" मी एकदा ओरडलो होतो.

"बाजारात."

"बाजारात असा चिखल असतो?"

"मग बाजाराला विचारा."

आणि एकदा, फार पूर्वी, वरच्या टोकाच्या बाकावर बसून ती म्हणाली होती, "अहो, खालून पण एक वाट आहे म्हणे. तिथे वारा लागत नाही." मी म्हणालो होतो, "ती गुरांची वाट. चाकं रुततील." ती कुणाकडून ऐकलेलं सांगत नव्हती. तिथून जाऊन आलेली होती. मला 'म्हणे' लावून सांगत होती.

मी सायकल हाताने धरून बांधाच्या उतारावरून खाली नेली. चराच्या कडेला खरंच वाट होती, हातभर रुंद, दाबून घट्ट झालेली. मी बसलो आणि निघालो.

वारा थांबला. म्हणजे थांबला नव्हता. वर पाणकणसांचे शेंडे एका बाजूला वाकून सळसळत होते, भुसा डोक्यावरून उडत चालला होता. पण खाली, चराकाठी, माझ्या तोंडावर काहीच येत नव्हतं. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला बन, मधे मी. गुडघा दुखत नव्हता. चराच्या पाण्यात माझ्या टोपीचं प्रतिबिंब हलत जाताना दिसत होतं. मधे एका जागी वाट ओली होती आणि तिथे कुणीतरी चार फळ्या टाकल्या होत्या. त्यातली एक फळी मी ओळखली. फरशी समतल करायला मी वापरायचो तीच, एका टोकाला मी छिन्नीने केलेली खूण असलेली. ती हरवली म्हणून मी हाताखालच्या माणसाला किती बोललो होतो.

मी तिच्यावरून सावकाश गेलो. उतरलो नाही.

इतकं सोपं होतं. कधीही जाता आलं असतं, कुठल्याही वाऱ्यात. दोन सायकली पुढेमागे जातील एवढी जागा होती. बोललेलं ऐकूही आलं असतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणत होतो आणि ते म्हणून काही होत नव्हतं.

वाट बरोबर लोखंडी खांबांच्या मागे येऊन वर निघाली. इतकी वर्षं तिचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर होतं. पंक्चरवाला दुकानाबाहेर स्टुलावर बसून बांधाकडे डोळे लावून होता. मी बाजूने आलो तर दचकला.

"कुठून उगवलात? मी वर बघत बसलोय कधीपासून! तुमचा फोन लागेना म्हणून मुलीचा तुमच्या मला दोनदा येऊन गेला. वाऱ्याने हाल केले असतील."

"वारा लागलाच नाही."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चेष्टा करायचं राहू दिलं. खाली वाकून मडगार्ड बघितलं. राखाडी चिखल थापला होता, त्यात पांढरा भुसा.

"ही कुठली घाण आणलीत? थांबा, मारतो पाणी." त्याने नळाची रबरी नळी उचलली.

"नको," मी म्हणालो. "असू दे तसाच."

मी त्याचे पैसे दिले आणि सायकल हातात धरून घरी निघालो. वाटेत मुलीला फोन लावला. तिने काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, "या महिन्यातच ये. दोन दिवस मिळाले तरी चालेल. वारा कसाही असू दे."